कविता राहिली, पातोळे झाले

मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या वाचनालयाने कवितावाचन ठेवलं होतं. विषय त्यांनीच दिलेला : बालपणीची चव. कवींना प्रत्येकी तीन मिनिटं, अध्यक्षांना मात्र मोकळं रान. ते २०२४ च्या ऑक्टोबरात मिळालेल्या अभिजात दर्जापासून निघाले ते परत यायचं नाव घेईनात.

माझी कविता पातोळ्यांवर, म्हणजे हळदीच्या पानात गूळखोबरं भरून वाफवलेल्या तांदळाच्या गोड पदार्थावर. श्रावण, आजी, हळदीची पानं, वाफ. दुसऱ्या कडव्यात 'उकडीवर उमटले तिच्या बोटांचे ठसे' अशी ओळ आहे. तिच्यानंतर मी जरा थांबतो. श्रोत्यांनी 'वा' म्हणावं म्हणून ती जागा सोडलेली आहे. त्या जागेत दुसऱ्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या.

"उकड कुठली?"

"आजीची," मी म्हणालो.

"ते कळलं हो. पण पातोळ्यांना उकड कशाला? उकड मोदकांना. इथे पीठ नुसतं भिजवायचं आणि ओल्या बोटांनी पानावर थापायचं. आजी कुठल्या तुमच्या?"

"राजापूरच्या."

"ते सासर. माहेर?"

भर कवितेत, माइकवर, मी दिवंगत आजीचं माहेर सांगितलं. "देवरूख."

"तरीच!" काकूंनी शेजारणीकडे बघून मान हलवली.

तरीच म्हणजे काय? देवरूखने यांचं काय घोडं मारलंय? माझी आजी उकडच काढायची आणि ते पातोळे खाऊन आम्ही भावंडं वाढलो. पण तोवर मागून एक आजोबा गरजले, "तवसाचे, काकडीचे करून बघा, मग बोला!" एक गोव्याच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या शेजारचे ख्रिश्चन १५ ऑगस्टला सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, फेस्ताला पातोळ्यो करतात, तेव्हा हा वाद फक्त नागपंचमीवाल्यांनी घालू नये. सूत्रसंचालिका धावत आली. मला वाटलं, मला वाचवायला. तिने माझ्या हातातला माइक घेतला आणि काकूंना दिला. "काकू, प्रमाण सांगाल का?"

काकूंनी सांगितलं. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. सगळं सभागृह मोबाइलवर उतरवून घेत होतं, अध्यक्षसुद्धा. शेवटी त्या म्हणाल्या, "चुनात, म्हणजे गूळखोबऱ्याच्या सारणात, वेलची घालू नका. हळदीचं पान रुसतं." आणि सभागृहातून एकमुखाने 'वा!' आली.

माझी 'वा' होती ती.

सावता माळ्यांना कांद्यामुळ्यात विठाई दिसली, तेव्हा मुळ्याला फोडणी मोहरीची की जिऱ्याची, असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्या काळी श्रोत्यांना रीत होती. आता कवितेत पदार्थ आला की लोकांना फक्त पदार्थ ऐकू येतो. विरहावर लिहिलं की बरं असतं, त्यात कोणी प्रमाण विचारत नाही. पण विरहाच्या कवितांना हल्ली बोलावतं कोण? सगळ्यांना खाद्यसंस्कृती हवी, वारसा हवा, आणि तो फुकट हवा. मानधनाचं विचारलं तर 'मंच मिळतोय ना' म्हणतात. बाहेर बटाटेवडे होते. त्या वडेवाल्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले होते; त्याला मंच मिळतोय असं सांगायची कोणाची छाती झाली नाही.

काल वाचनालयाच्या चिटणिसांचा फोन आला. श्रावणात काकूंचं प्रात्यक्षिक ठेवलंय, मानधनासह. माझ्या गॅलरीत हळदीची कुंडी असल्याचं त्यांना कुठूनसं कळलंय. पन्नासेक पानं लागतील म्हणाले, आणि शक्यतो कोवळी.