दत्तकाची प्रक्रिया : घाई नेमकी कुठे हवी?

महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत किंवा ओळखीच्यांच्या गप्पांत दत्तक मुलांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. एकीकडे बालगृहे भरलेली आहेत, दुसरीकडे मूल हवे असलेली जोडपी तीन-साडेतीन वर्षे ताटकळत आहेत, आणि या दोघांच्या मध्ये सरकारने कागदांची भिंत उभी केली आहे, अशी ती तक्रार. उपायही ठरलेला असतो : अटी शिथिल करा, चौकशा आटोपत्या घ्या, आदेश लवकर द्या. ताटकळणाऱ्यांचे दुःख खरे आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र विलंब ज्या टप्प्यावर होतो त्याकडे ही तक्रार पाहतच नाही, आणि त्यामुळे जिथे सावकाशपणा हवा नेमकी तिथेच घाईची मागणी होते, असे माझे मत आहे.

मी मँचेस्टरमध्ये राहते आणि इथल्या एका दत्तक संस्थेच्या समितीवर स्वतंत्र सदस्य म्हणून काम करते. मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांचा सविस्तर अहवाल आम्ही आधी वाचतो, मग त्यांना भेटतो आणि पात्रतेविषयी शिफारस करतो; अंतिम निर्णय संस्थेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्या अहवालात अर्जदारांचे बालपण, आधीची नाती, कर्ज, आजारपण, मुलाला शिस्त कशी लावणार, तुमचे काही बरेवाईट झाले तर मुलाकडे कोण पाहणार, असे सगळे असते. पूर्वीच्या जोडीदाराशीही बहुतेक वेळा संपर्क साधला जातो. घरात कुत्रा असेल तर त्याच्या स्वभावाचे वेगळे मूल्यमापन होते, आणि ते वाचताना सुरुवातीला मला हसू आवरत नसे. भारतातला गृहभेट अहवाल याच्या तुलनेत सुटसुटीत म्हणावा लागेल. तरीही मायदेशी ‘किती खोलात शिरतात हो हे लोक’ ही तक्रार ऐकू येते, तेव्हा ती नेमकी कोणाच्या बाजूने केली जाते आहे, हे विचारावेसे वाटते.

आपल्याकडे या गोंधळाचे एक मूळ इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये दत्तकाला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९२६ मध्ये. आपल्याकडे दत्तकविधान त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होत आले आहे, पण ते घराण्यासाठी. बडोद्याच्या गादीला वारस हवा म्हणून १८७५ मध्ये कवळाण्याचा शेतकरी कुटुंबातला मुलगा दत्तक घेतला गेला आणि तो सयाजीराव झाला. त्याआधी १८५४ मध्ये झाशीचे दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. दोन्हीकडे प्रश्न गादीचा होता, मुलाचा नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यातही या विचाराची छाया उरलेली आहे. ज्याला मुलगा, नातू किंवा पणतू हयात आहे त्याला त्या कायद्याखाली मुलगा दत्तक घेता येत नाही. वारसाचा हिशोब मनात धरल्याशिवाय या अटीचा अर्थ लागत नाही. त्या कायद्यानुसार जन्मदाते आई-वडील आपले मूल, सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांखालचे, प्रत्यक्ष देतात आणि दुसरे घेतात. दत्तकहोम आवश्यक नाही, देणे-घेणे मात्र आवश्यक आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक कायदेशीर झाल्याचे न्यायालय गृहीत धरते. एकदा वैध दत्तक झाले की ते रद्द करता येत नाही.

दुसरा मार्ग बाल न्याय अधिनियमाचा, आणि त्याची दिशा उलटी आहे. ज्या मुलाला कुटुंब नाही त्याच्यासाठी राज्यसंस्था कुटुंब शोधते. मूल हवे असलेल्यांसाठी मूल शोधणे हे तिचे काम नाही. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे, आणि ते मूल सज्ञान झाले की संपत असे. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. मात्र दत्तक घेण्याच्या हक्काला मूलभूत हक्क ठरवण्याचे न्यायालयाने टाळले. चर्चेत निकालाचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो. दुसऱ्याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

या दुसऱ्या मार्गावर अर्जदाराच्या वाट्याला येणारी प्रक्रिया फार अवघड नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, पोर्टलवर नोंदणी करायची, कागदपत्रे चढवायची, सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन अहवाल तयार करते आणि तो तीन वर्षे चालतो. विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत, मुलात आणि पालकात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी. क्रमांक आला की मुलाची माहिती दाखवली जाते आणि ४८ तासांत मूल राखून ठेवायचे असते. मग संस्थेत भेट, दत्तकपूर्व संगोपनासाठी मूल घरी, आणि आदेशासाठी अर्ज. या सगळ्याला काही महिने लागतात. वर्षे लागतात ती क्रमांक येण्यासाठी.

क्रमांक का येत नाही, तर मुले कमी आहेत म्हणून. २०२४-२५ मध्ये या मार्गाने देशभरात साडेचार हजारांच्या आसपास मुले दत्तक गेली. नोंदणी करून थांबलेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. भरलेल्या बालगृहांचे काय, असा प्रश्न इथे येतो. बालगृहातले प्रत्येक मूल अनाथ नसते. कित्येकांना आई असते, आजी असते, तुरुंगात किंवा व्यसनात अडकलेला बाप असतो, आणि गरिबीपोटी मूल काही काळ तिथे ठेवलेले असते. बाल कल्याण समिती, म्हणजे निराधार मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, एखाद्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवते ते चौकशीनंतरच. सापडलेल्या मुलाचे पालक शोधले जातात, आणि हे काम दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, मोठ्यासाठी चार महिन्यांत पुरे व्हावे असे कायदा सांगतो. स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. हे साठ दिवस कमी करा, असे सुचवणारे लोक मला भेटले आहेत. बाळंतपणातून नुकती उठलेली, घरच्यांच्या धाकाखाली सही केलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणली, तर मला ते जास्तही वाटत नाहीत.

खरा वेळ वाया जातो तो या मुदती सुरूच होत नाहीत तिथे. वर्षानुवर्षे कोणी भेटायला न आलेली मुले बालगृहात असतात, पण त्यांची फाईल समितीपुढे जात नाही, कारण ती संस्था दत्तक यंत्रणेशी जोडलेली नसते किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात घरोघर जाऊन चौकशी करायला माणूस नसतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना अशा मुलांचा नियमित शोध घेण्यास सांगितले ते याचसाठी. दोन वर्षांचे मूल अशा रीतीने आठ वर्षांचे होते, आणि मग बहुतेक जोडप्यांना ते ‘मोठे’ वाटते. घाई करायची तर इथे करावी.

प्रत्यक्षात घाई झाली ती शेवटच्या टप्प्यावर. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो अमलात आला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणे न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याला अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा हा वाद महाराष्ट्रात चांगलाच गाजला. न्यायालयांत अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत होते आणि अनेक जिल्ह्यांत आता आदेश लवकर मिळतात, हे मान्य करायलाच हवे. तरीही मला हा बदल रुचत नाही. दत्तकाचा आदेश माणसाचे आई-बाप, वारसा आणि नाव कायमचे बदलतो. तो आदेश निवडणूक, पूर, टंचाई आणि आंदोलने एकाच वेळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जावा, यात सोय दिसते; काळजी दिसत नाही. इंग्लंडमध्ये समिती, संस्था, सामाजिक कार्यकर्ते असे सगळे असूनही शेवटचा शब्द कौटुंबिक न्यायालयाचाच असतो.

इंग्लंडचे नाव घेतले म्हणून इथे सारे आलबेल आहे, असे कोणी समजू नये. इथे दत्तक जाणारी बहुतेक मुले टाकून दिलेली नसतात. दुर्लक्ष किंवा मारहाणीच्या कारणाने न्यायालयाने ती घरातून काढलेली असतात, आणि मुलाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास जन्मदात्यांच्या संमतीवाचूनही न्यायालय पुढे जाऊ शकते. हा अधिकार योग्य रीतीने वापरला जातो का, यावर इथे सतत वाद होतात, आणि समितीत बसून काही अहवाल वाचताना मलाही अस्वस्थ व्हायला होते. त्यामागे जुनी जखमही आहे. १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित मातांच्या सुमारे १,८५,००० मुलांना दत्तक दिले गेल्याचा अंदाज संसदेच्या मानवी हक्क समितीने २०२२ मध्ये मांडला. त्यांतल्या अनेकींवर कुटुंबाने, चर्चने आणि सरकारी यंत्रणेने दबाव आणला होता. स्कॉटलंड आणि वेल्सच्या सरकारांनी २०२३ मध्ये त्याबद्दल औपचारिक माफी मागितली. त्या काळी ही सगळी दत्तके झटपट झाली होती आणि कागदोपत्री त्यांत काही खोट नव्हती.

त्या अनुभवातून हा देश एक गोष्ट शिकला, ती म्हणजे दत्तक मुलापासून त्याचा जन्म लपवायचा नाही. अठरा वर्षे पुरी झाली की त्याला मूळ जन्मनोंद मिळवण्याचा हक्क आहे. त्याआधीही अनेक मुले वर्षातून एकदा संस्थेमार्फत जन्मदात्यांशी पत्रव्यवहार करतात. लहान मुलाबरोबर त्याच्या आयुष्याची वहीच दिली जाते : जन्म कोणत्या रुग्णालयात झाला, आधी कोणाकडे राहिला, तिथून का निघाला, आधीच्या घरातले फोटो, तिथल्या मांजराचे नावसुद्धा. भारतातल्या नियमांतही सज्ञान दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण जन्मदात्यांची गोपनीयता जपून, आणि दुसऱ्या कोणाला तिच्या वतीने तो करता येत नाही. नियम आहे, घराघरांतली रीत वेगळी आहे. ‘कळायची काय गरज आहे, आपलंच आहे ना ते’ हे वाक्य मी प्रेमळ, सुशिक्षित आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. मग कोणत्या तरी लग्नघरात एखादी लांबची आत्या ते बोलून जाते, आणि मुलाला ते तिसऱ्याकडून कळते. प्रक्रिया लांब म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी याची तयारी किती जणांनी केलेली असते, हे विचारणे मला कागदपत्रांइतकेच महत्त्वाचे वाटते.

परदेशस्थ मराठी माणसांविषयीही इथे लिहायला हवे, कारण आपली घाई वेगळ्या प्रकारची असते. ओळखीच्या एका गृहस्थांना सांगली जिल्ह्यातून धाकट्या भावाचा फोन आला होता : ‘दादा, तुम्ही फक्त या. दुय्यम निबंधकाकडं कागद करून ठेवतो, पोरीला घेऊनच जा.’ दत्तकपत्र नोंदले की मुलगी विमानात बसेल, अशी दोघांचीही समजूत होती. १९५६ च्या कायद्याखाली ते दत्तक भारतात वैध ठरेलही. पण मूल देशाबाहेर न्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी २०२१ मध्ये खास नियम झाले. शिवाय इंग्लंडच्या २००२ च्या कायद्याचे कलम ८३ आहे : इथे राहणाऱ्याने आधी इथल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेऊन शासनाचे पात्रतापत्र मिळवल्याशिवाय गेल्या बारा महिन्यांत परदेशी दत्तक घेतलेले मूल देशात आणले, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांविषयीच्या, दोन्ही देशांना लागू असलेल्या हेग कराराची हीच रीत आहे. भारताने २००३ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी नियम आखून दिले होते, ते मुलांचा व्यापार होत असल्याच्या तक्रारींमुळेच. सख्खा काका पुतणीला घेऊन जातो आहे, त्यात कसला व्यापार, असे त्या गृहस्थांनी मला वैतागून विचारले. कायद्याला सख्खा काका आणि काका म्हणवणारा दलाल यांतला फरक कागदावरूनच ओळखावा लागतो, एवढेच मी त्यांना सांगू शकले. त्यांनी आता इथल्या संस्थेकडे मूल्यमापनासाठी अर्ज केला आहे. मुलगी सध्या आई-वडिलांकडेच आहे, आणि तिला विचारले का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा संस्थेच्या कार्यकर्तीनेच विचारला.