‘साठ लाखांचा ट्रॅक्टर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मर्सिडीजच्या ई-क्लासमधली डिझेल गाडी ई २२० डी चालवून मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एवढ्या महाग गाडीत चार सिलिंडरचं डिझेल म्हणजे ट्रॅक्टर. शून्य ते शंभरचा आकडा, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात ते, मी दिलाच नाही. आणि लेख ‘पेड’, म्हणजे पैसे घेऊन लिहिलेला, वाटतो. आक्षेप नेमके आहेत, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो.

आधी ट्रॅक्टर. जुन्या ई-क्लासमधलं २१४३ सीसीचं डिझेल बिडाच्या ब्लॉकचं होतं. त्याला तुम्ही ट्रॅक्टर म्हणाला असतात तर मी वाद घातला नसता. २०१७ साली आपल्याकडे आलेल्या लांब व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) गाडीत १९५० सीसीचं नवं इंजिन आहे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पिस्टन स्टीलचे. सकाळी गार इंजिन सुरू करून बॉनेटपाशी उभे राहिलात तर टकटक ऐकू येतेच. आत बसून दार लावलं की ती जवळजवळ गायब होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तर मात्र आवाज घोगरा होतो. सहा सिलिंडरची सर त्याला नाही, आणि तसं मी म्हटलंही नव्हतं.

शून्य ते शंभर मुद्दामच गाळलं. ही गाडी घेणारा बहुतेक वेळा मागे बसतो. आकडाच हवा असेल तर टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या ताकदीचा घ्या: ४०० न्यूटन मीटर, आणि तोही १६०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे). त्याच वर्षीच्या पेट्रोल ई २००चा ३०० होता. हा फरक कागदावर कळत नाही, खंबाटकी घाटात कळतो. पुढे कंटेनर रांगतोय, बाजूला जेमतेम फट मिळाली, पाय थोडासा दाबला आणि गाडी वर निघाली. काटा दोन हजाराच्या आसपासच, नऊ गिअरच्या बॉक्सची धावपळ नाही. मागे काका फोनवर बोलत होते, त्यांना आवाज चढवावा लागला नाही. माझ्या लेखी लक्झरी ती हीच.

कौतुकच केलं म्हणता, तर तक्रारीही पुन्हा वाचा. मधल्या उंचवट्यामुळे मागे तिसरा माणूस अवघडून बसतो. स्टेपनी डिकीतच ठेवलेली, म्हणजे दोन मोठ्या बॅगा भरताना कसरत. लांबी पाच मीटरच्या वर आणि व्हीलबेस ३०७९ मिलीमीटर, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना आणि आपल्याकडच्या उंटाच्या पाठीसारख्या स्पीडब्रेकरवर जीव टांगणीला लागतो. तीव्र वळणावर गाडी कलते. स्वतः चालवायची हौस असेल तर बीएमडब्ल्यूची ५-सिरीज बघा, हे मी तेव्हाही लिहिलं होतं.

डिझेलपेक्षा पेट्रोल बरं, हे तुमचं म्हणणं मात्र एका बाबतीत पटतं. रोजचा प्रवास पुण्यातल्या पुण्यात, कोथरूड ते शिवाजीनगर एवढाच असेल तर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतलं) डिझेल घेऊच नका. डीपीएफमधली, म्हणजे धुरातले कण अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. सिग्नल ते सिग्नल चालवताना तेवढं तापत नाही, आणि मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी हायवे होत असेल तरच डिझेलचा विचार करा.

राहिलं ‘पेड’. गाडी मित्राची, डिझेल आणि टोल माझ्या खिशातून. कंपनीकडून चहासुद्धा नाही.