आखाजीच्या तोंडावर

आमच्या लॅपटॉपने प्राण सोडला तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते, आणि फुईच्या, म्हणजे आत्याच्या, नातवाचं लग्न नेमकं आखाजीलाच होतं. लॅपटॉप गेल्याचं दुःख मला एकट्याला. त्याच्या पोटातल्या आहेराच्या यादीचं सुतक मात्र सगळ्या घराला लागलं.

यादी नानांची. १९८४ पासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्ना-बारशाला कोणी काय दिलं, ते त्यांनी एका डायरीत टिपून ठेवलेलं. नाव, गाव, रक्कम, जेवायला आलेली माणसं आणि शेवटी शेरा. 'टॉवेल-टोपी. टॉवेलातून पलीकडचं दिसतं' अशा तोडीचे शेरे. कोणाच्या लग्नाला किती पाकीट न्यायचं, हे ती डायरी बघूनच ठरे. २०१९ च्या दिवाळीत मला हुशारी सुचली आणि मी ती सगळी एक्सेलमध्ये चढवली. आईने विचारलं, "मग आता हिचं काय काम?" मी म्हटलं, काही नाही. हिवाळाभर डायरी पानापानाने बंबात गेली. पाणी छान तापायचं.

तर त्या रात्री लॅपटॉप अपडेट होत होता. बॅटरी मरून दोन वर्षं झालेली, त्यामुळे गडी चोवीस तास वायरीवर जगायचा, सलाईनवरच्या पेशंटसारखा. ७३ टक्क्यांवर लाईट गेली. आली, परत गेली, परत आली. सकाळी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळा ठिक्कर.

पहिले आले जिभाऊ. ते मोटार रिवायंडिंग करतात आणि जगातल्या प्रत्येक यंत्राकडे पाण्यातली मोटार म्हणूनच बघतात. कान लावून म्हणाले, "कंडेन्सर गया व्हई भो." मी हसलो. मग मोबाईलवर वाचलं, की चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरावं, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साचून राहिलेला करंट निघून जातो. कपॅसिटर म्हणजे कंडेन्सरच. जिभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. मी बटण दाबून धरलं, नानांनी तीसपर्यंत मोजलं. काही झालं नाही, पण जिभाऊ तो अख्खा दिवस जिंकल्यासारखे वावरले.

दुसरा उपाय असा, की कधीकधी स्क्रीन चालू असतो, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलेला असतो. तेव्हा अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारला तर पुसट चित्र दिसतं. आता अमळनेरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता अंधार आणायचा कुठून? मी आणि नाना गोधडीखाली शिरलो. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर, आत आम्ही दोघं, टॉर्च आणि गरम हवा फेकणारा लॅपटॉप. नानांच्या नाकावरून घामाचे थेंब कीबोर्डवर पडत होते आणि मी ते टॉवेलने टिपत होतो. "काही दिसस का?" "नाही." "मना चेहरा दिसी राहिना," नाना म्हणाले, म्हणजे माझाच चेहरा दिसतोय. तेवढ्यात शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या, हलणारी गोधडी बघून ताक उंबऱ्यावर ठेवलं आणि आल्या पावली परत गेल्या.

टीव्हीला वायर जोडून पाहिली. 'सिग्नल नाही.' आईने लॅपटॉपची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मात्र घरभर सगळ्यांना लागला.

गावातल्या एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला. नाहीतर फॉरमॅट मारून बघू." मदरबोर्ड गेल्यावर फॉरमॅट कशाला मारायचा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, पण फॉरमॅट हा शब्द ऐकून नानांनी लॅपटॉप काखेत मारला. परतताना एवढंच म्हणाले, "डायरीले कधी चार्जिंग लागनी का?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गमछ्यात गुंडाळून आम्ही पॅसेंजरने जळगाव गाठलं. तिथल्या मार्केटातला पोरगा विशीतला, तोंडात बडीशेप. त्याने मागचं झाकण खोललं, रॅमची पट्टी उपसली आणि खिशातून चक्क शाळेतला खोडरबर काढला. पट्टीच्या सोनेरी दातांवरून तो असा घासला, जसं पाढ्यातलं चुकलेलं उत्तर पुसतोय. फुंकर मारली, पट्टी बसवली, बटण दाबलं. स्क्रीन उजळला! "फुफाटा बसला व्हता," तो म्हणाला. नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तो फुफाटा मीच आणून भरला होता.

पण आनंद मिनिटभराचा. विंडोज स्वतःची दुरुस्ती करायला बसलं आणि गोल गोल फिरतच राहिलं. अर्धवट अपडेटने ते लुळं पडलं होतं. पोरगा म्हणाला, "विंडोज नंतर टाकू. त्याच डिस्कवर टाकलं, तर जुन्या फाईलींवरच जाऊन बसेल." त्याने हार्ड डिस्क काढली, तळहाताएवढी, आणि एका वायरीने आपल्या कॉम्प्युटरला लावली. माझं फोल्डर उघडताच, तुम्हाला परवानगी नाही! माझ्याच घराच्या दारात मला कोण तुम्ही म्हणून विचारत होते. 'पुढे चला' दाबून वीस मिनिटं थांबलो, तेव्हा दार उघडलं.

आता फाईल कुठली? पाहुण्यारावळ्यांनी उघडू नये म्हणून मी तिला भलतंच नाव दिलं होतं, आणि ते आठवेना. एक्सेलच्या १४२ फाईली निघाल्या. पोरगा एकेक उघडत गेला. 'गॅस सिलिंडर' उघडली आणि नाना ओरडले, "हाईच!"

फाईल धड आहे का बघायला पोरगा मोठ्याने वाचत खाली सरकला, आणि एका ओळीवर थांबला. नाव वाचलं, गाव वाचलं. परत वाचलं.

"हे आमचे पप्पा."

समोर लिहिलं होतं: ५१ रुपये. माणसं सात. शेरा: 'जिलेबी बांधून नेली.'

दुकानात फक्त पंख्याचा आवाज राहिला. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन झाली. बिल सहाशे ठरलं होतं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "साडेपाचशे द्या काका."

रात्री नाना नवीन डायरी घेऊन बसले. मी पेनड्राइव्ह पुतण्याच्या लॅपटॉपला लावून वाचत होतो, ते उतरवत होते. त्या पोराच्या बापाची ओळ आली. नानांनी पेन थांबवलं, बोटांवर हिशोब केला आणि लिहिलं: '५१ अधिक ५०, एकूण १०१.'

शेरा मात्र तोच ठेवला.