हिरव्यागार सबर्बात घर घेतलंत? आता झाडं मारा

सिडनीच्या अप्पर नॉर्थ शोअरला घर घेतलंत? वाहरूंगा, टरामरा, पिंबल, कुठेही असो, अभिनंदन! स्टॅम्प ड्यूटीने कंबरडं मोडलं, पण वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला मागची बाग दाखवत 'अगदी माथेरान वाटतं हो' म्हणालात ना? पाहुणे गेले. आता कामाला लागा.

पानं पडतात, अशी तक्रार रोज करा. गम ट्री, म्हणजे आपला निलगिरी, पानं टाकतो, साली टाकतो, फांद्याही टाकतो, आणि गटर तर तुमचंच भरतं.

बागेच्या कचऱ्याचा हिरवा डबा भरला की उरलेला कचरा ब्लोअरने शेजाऱ्याच्या हद्दीत सारा. रविवारी आठच्या आधी ब्लोअरला बंदी आहे, तेव्हा आठ वाजून एक मिनिटाने.

कुकाबुरा पक्षी पहाटे हसतो, त्याबद्दल कौन्सिलला ईमेल करा.

छपरात पॉसम (झाडांवर राहणारा मांजराएवढा प्राणी) शिरला तर पकडून दूरच्या नॅशनल पार्कात सोडा म्हणून हट्ट धरा. कायद्याने दीडशे मीटरच्या आतच सोडावा लागतो, म्हणजे रात्री तो तुमच्या आधी घरी.

पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावा. ईशान्येला मोठं झाड नको, असं ते सांगतीलच. इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो, हे सांगून त्यांना उगाच गोंधळात पाडू नका.

आता मुख्य काम. मागचा ब्लू गम, तो उंच निलगिरी. परवानगीचा अर्ज मुळीच करू नका, एखादा आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, येऊन 'झाड ठणठणीत' म्हणून लिहून देईल. त्यापेक्षा बुंध्याला भोकं, भोकांत औषध, वरून मातीचा लेप. शेंडा तपकिरी झाला की चेहरा पाडून म्हणा, 'रोग लागला हो, मुलं खेळतात मागे, सेफ्टीचा प्रश्न आहे.' आमच्या मागच्या शेजाऱ्यांनी हेच केलं. आपलेच, मराठी, गणपतीत आरतीला बोलावणारे. शनिवारी सकाळी करवत लागली ती दुपारपर्यंत. बुंध्याचा खालचा तुकडा ताडपत्रीत गुंडाळून नेला, पण भोकं आम्हाला वरच्या खोलीतून दिसली. कळतंय का काय पाडलंत? ब्लू गमचं हे उंच जंगल मूळच्या पाच टक्क्यांहूनही कमी उरलंय. पॉवरफुल आउल या मोठ्या घुबडाला अंडी घालायला जी ढोली लागते ती तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं जातात, आणि तुमचं एका शनिवारी आटोपलं. २०२३ मध्ये इथेच सिडनीत कॅसल कोव्हला अडीचशेहून जास्त झाडं मारली गेली, लाँगव्हिलला तीनशेच्या आसपास. त्यांना निदान खाडीचा देखावा हवा होता असं म्हणतात. तुम्हाला काय दिसणार आहे? आमचा कपडे वाळत घालायचा हिल्स हॉइस्ट!

आणि आता म्हणे तिथे कृत्रिम गवत येणार. घाला. जानेवारीत अनवाणी चालून दाखवा त्यावर.

४ जानेवारी २०२० ला पश्चिम सिडनीत पेनरिथला ४८.९ अंश झालं, तेव्हा तुम्ही तिकडेच राहत होतात. त्या उन्हाला वैतागूनच इकडे आलात ना? झाडांसाठीच जास्तीचे पैसे मोजलेत ना? झाडं नको होती तर बॉक्स हिलच्या नव्या वस्तीत घ्यायचं होतं घर. छपराला छप्पर लागलेलं, गटरात पान पडायची भीती नाही. आणि 'आमच्या हद्दीतलं झाड होतं' हे मला ऐकवू नका. सावली आमच्या स्वयंपाकघरावर होती, पोपट सगळ्या गल्लीचे होते. विचारलंत कुणाला? आरतीला बोलावता, मग झाड पाडताना कुंपणावरून एक हाक मारता येत नव्हती? नव्हतीच येत, कारण उत्तर काय मिळेल ते ठाऊक होतं.

कोपऱ्यातला जॅकरंडा अजून उभा आहे. त्याला हात लावलात तर कौन्सिलला फोन मी करणार, फोटोंसकट.