डोळे उघडे ठेवून ऐका

तुमच्या स्पीकरची वायर पुण्याच्या तापकीर गल्लीतून मीटरवर मोजून आणलेली असेल, तर आधी ती सोफ्यामागे ढकला. पाहुण्यांना दिसता कामा नये. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. तिचा रोध भरतो जेमतेम चार शतांश ओहम, आणि पुढे स्पीकर बसलाय आठ ओहमचा, म्हणजे वायर जवळजवळ नसल्यासारखीच. हा हिशेब ज्यानं एकदा मांडला, त्याचं गाणं ऐकणं नासलं. म्हणून वही मिटा आणि आवाज सुधारते म्हणून विकतात ती महागडी केबल घ्या.

घेताना वजन बघा. चांगली केबल अंगठ्याएवढी जाड असते, वरून विणलेली जाळी, आणि डबा असा की आत शालू असावा. तिच्यावर बाण हवाच. स्पीकरकडे जाणारा करंट एसी असतो, तंबोऱ्याच्या साध्या षड्जालासुद्धा तो सेकंदाला शंभरेक वेळा पुढे-मागे येरझाऱ्या घालतो, मग बाण कुणासाठी, असं एखादा डिप्लोमावाला विचारेल. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. डेनॉन या ऑडिओ कंपनीनं २००८ च्या सुमारास दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली होती, तिच्यावरही दिशेच्या खुणा होत्या. शून्य आणि एक हे आकडे वाट चुकू नयेत, एवढीच त्यामागची काळजी.

मेन्सच्या केबलकडे दुर्लक्ष करू नका. कोयनेहून म्हणा, चंद्रपूरहून म्हणा, वीज शेकडो किलोमीटर अॅल्युमिनियमच्या तारांवरून, कावळ्यांच्या पायाखालून येते. सोसायटीच्या मीटर रूममधून, बिल्डरनं भिंतीत घातलेल्या वायरीतून तुमच्या सॉकेटपर्यंत पोचते. तिथून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या शेवटच्या दीड मीटरमध्ये तिची मुंज लावायची असते. त्याचे तीस-चाळीस हजार होतात. भटजी यापेक्षा स्वस्तात येतात हे खरं, पण त्यांनी बास सुधारत नाही.

केबल लगेच ‘उघडत’ नाही, हेही लक्षात असू द्या. दोनशे तास वाजवावी लागते. तोवर माल परत करायची मुदत उलटलेली असते आणि कानही तिला सरावलेले असतात. उघडलं कोण, केबल की तुम्ही, या खोलात जाऊ नका.

आता मुख्य पथ्य. कुणी कितीही आग्रह केला तरी केबल झाकून ऐकायची नाही. जेम्स रँडी नावाच्या जादूगारानं २००७ मध्ये आव्हान दिलं होतं: पिअर कंपनीची बारा फुटी आंजू केबल, जोडीची किंमत ७,२५० डॉलर, साध्या चांगल्या केबलपासून न बघता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. कंपनीनं शहाणपणानं अंग काढून घेतलं. दहा लाखांसाठी कुणी दुकान पणाला लावतं का? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एकच वाइन दोनदा पाजली, एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० ची म्हणून. नव्वदवाली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाचा भाग जास्त उजळला. म्हणजे सुख खरंच होतं. पावती दाखवल्याशिवाय ते मिळत नाही, इतकंच.

आणि हो, समोरच्या उघड्या भिंतीवर आजीची गोधडी टांगून बघण्याचा मोह टाळा. खोलीतला घुमारा खरोखरच कमी होतो आणि खर्च शून्य. अशी सुधारणा चारचौघांत सांगायची कशी?

मी हे सगळं अनुभवानं सांगतोय. आमच्या सोसायटीतले एक स्नेही, निवृत्त बँक मॅनेजर, यांनी दिवाळीत नवी केबल घेतली आणि आम्हा तिघांना ऐकायला बोलावलं. बटाटेवडे झाले, दिवा मंद झाला, यमनचा ख्याल लागला. पहिल्या आलापालाच एकानं डोळे मिटले. दुसरा म्हणाला, “तबला बघा कसा मागे सरकलाय.” मला स्वतःला तंबोऱ्याची खर्जाची तार वेगळी, अगदी बोटानं दाखवावी अशी दिसत होती, आणि मी ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं. एरवी मी या बाबतीत नास्तिक. पण दीड लाखांची केबल डोळ्यांसमोर पसरलेली असताना नास्तिकाचेही कान हात जोडतात.

वडे संपल्यावर त्यांचा अकरावीतला नातू क्रिकेटचा स्कोअर बघत बघत आला आणि अॅम्प्लिफायरपाशी वाकला. त्या अॅम्प्लिफायरला ए आणि बी असे स्पीकरचे दोन जोड आहेत. आजोबांनी नवी केबल बी ला जोडली होती, दुसऱ्या टोकाला, स्पीकरवर, जुनीच्या शेजारीच तिला जागा करून दिली होती. “आजोबा, नॉब ए वरच आहे की. जुनीच वायर वाजतेय.”

कुणी काही बोललं नाही. मी खर्जाच्या तारेचं बोट हळूच खिशात घातलं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. “अहो, आता बी वर केलंय. या एकदा. आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला थोडं काहीतरी कमी वाटतच होतं.”

मी म्हटलं, “मलाही.”