विशेष मुलाच्या पालकांनी शाळेत कसे वागावे

मूल ऑटिस्टिक आहे आणि शाळेतून 'जरा भेटून जा' असा निरोप आलाय? अभिनंदन. हा सोहळा मी नुकताच पार पाडलाय, म्हणून चार अनुभवाचे बोल.

वेळेवर जा. तासभर बाकावर बसवतील. समोर 'सर्वसमावेशक शिक्षण'चा फ्लेक्स आहे, तो वाचत बसा.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा तोंडातून काढू नका. कलम १६ प्रमाणे भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी द्यायच्या असतात, असं बोलून गेलात की बाई चष्मा काढून म्हणतात, "तुम्ही नेटवर फार वाचता."

दहावीच्या जादा वेळेबद्दल, लेखनिकाबद्दल आधीपासून विचारू नका. घाई कसली? फॉर्मची मुदत संपली की कळेलच.

'शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारा माणूस) आणा, तुमच्या खर्चाने' म्हटलं की लगेच हो म्हणा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, मग २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं, ते दिल्लीत. इथे विशेष शिक्षिका फक्त बुधवारी उगवते. बाकीचे दिवस वर्गशिक्षिका एकटी पन्नास पोरं सांभाळते. तिला काय बोलणार? म्हणजे फी आम्ही पूर्ण भरायची, वर शाळेने नेमायचा माणूसही आम्हीच पगार देऊन ठेवायचा, तो आजारी पडला की 'आज मुलाला पाठवू नका' हा मेसेज सकाळी पावणेसातला, डबा भरून झाल्यावर! आणि एवढं करून पुढ्यात हमीपत्र: 'पाल्यास काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. आवश्यकता भासल्यास आम्ही स्वखुशीने दाखला काढून घेऊ.' तारखेची जागा कोरी. "ती आम्ही घालू," म्हणे.

स्वखुशीने!

इतर पालकांच्या तक्रारी आहेत, असंही ऐकवतील. मान खाली घालून ऐका.

नाही, पुरे झालं. कोऱ्या तारखेवर आईची सही मागताना जीभ कशी रेटते तुमची? मान्यता सरकारची घेता, फ्लेक्स लावून प्रवेश भरता आणि एक मूल कानावर हात ठेवून बसलं की त्याला दारापर्यंत पोचवायची घाई होते? आणि पालकांनो, तुम्हीसुद्धा! 'कशाला वाकडं घ्या' म्हणत गुपचूप सह्या करता, म्हणून हा छापील नमुना टेबलाच्या खणात गठ्ठ्याने तयार असतो. करू नका सही. सोय नाही म्हणतात ना? तेच लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडच्या तक्रारीला तो कागद जोडायचा आहे.