चावा तांदूळ, धरा चोर!

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात गल्ल्यातले पैसे गेले की मालकाला पोलीस नाही, मंतरलेले तांदूळ आठवतात. चावा अन् थुंका! ज्याचे कोरडे, तो चोर. अरे, भीतीनं कुणाच्याही तोंडाला कोरड पडते! शिलाईवाली मावशी थरथरत थुंकली, कोरडा भुगा पडला, झाली चोर. आठवड्याचा पगार बुडाला, चाळीत तोंड दाखवायची सोय नाही. आणि खरा चोर? तो मुरलेला, त्याला लाळ भरपूर!

शिकलेले यावर हसतात, अन् लगेच ओरडतात, "लाय डिटेक्टर लावा!" तो तरी काय मोजतो हो? ठोके, श्वास, घाम. खोटं मोजत नाही! सक्तीनं ही चाचणी करायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 सालीच बजावलंय. पण इथं टपरीवरचा प्रत्येक जण न्यायाधीश. मावशीला कामावर परत कोण घेणार, ते बोला की!